तळहाताएवढं झाकण

फोन रात्री पावणेबाराला आला. कोलकाता-मुंबई विमान नागपूरला उतरवलं होतं, उजवं इंजिन हवेतच बंद करून. प्रवासी सुखरूप होते, टर्मिनलमध्ये बसले होते. कंट्रोलरूममधल्या मुलाने एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "ऑइल प्रेशर, सर. तेल शून्य दाखवत होतं."

मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर आहे. आमच्याकडे एएमई म्हणतात. बोइंग ७३७-८०० आणि त्याच्या सीएफएम५६-७बी इंजिनावर माझं लायसन्स आहे. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर व्यवस्थित उडतं आणि उतरतं. त्यासाठीच ते बनवलेलं असतं आणि वैमानिक सिम्युलेटरवर त्याचा सराव करत असतात. पण बंद पडलेलं इंजिन जमिनीवर आलं की त्यापुढची जबाबदारी आमची. ते का बंद करावं लागलं आणि आता आतून कसं आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं कुणाला तरी सही करून द्यावी लागतात. त्या खेपेला ती सही माझी होती.

निघण्याआधी मी नागपूरच्या आमच्या माणसाला तीन गोष्टी सांगितल्या. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं बाहेरचं आवरण, उघडू नका. तेल भरू नका. इंजिनाखाली काही ठिबकलं असेल तर फोटो काढा, पुसू मात्र नका. दुसऱ्या गोष्टीवर मी जास्त जोर दिला. टाकी रिकामी दिसली की हात आपोआप तेलाच्या डब्याकडे जातो. पण टाकीत नेमकं किती उरलंय हाच पहिला पुरावा असतो, आणि डबा ओतला की तो गेला.

पहाटेच्या विमानाने बोअरस्कोपची, म्हणजे इंजिनाच्या आत बघायच्या कॅमेऱ्याची, पेटी घेऊन नागपूरला पोचलो. मे महिना. सकाळी साडेसातलाच रॅम्पवरून धग यायला लागली होती. विमान लांबच्या बेवर उभं होतं. तिथे अकोल्याचा एक तरुण तंत्रज्ञ रात्रभर थांबला होता. त्याने काहीही उघडलं नव्हतं. मला बघून म्हणाला, "सर, मी इथंच बसून राहिलो होतो. कोणालेच हात लावू नाही दिला." त्या वाक्याने माझा अर्धा ताण उतरला.

इंजिनाच्या पोटाखाली काउलिंगवर तेलाचे ओघळ होते. जमिनीवर उभ्या विमानातून तेल गळलं की ते सरळ खाली येतं. हे ओघळ मागच्या दिशेने ओढले गेले होते, ओल्या कुंचल्याने फराटे मारावेत तसे, पुढे जाड आणि मागे केसासारखे बारीक होत गेलेले. त्यांच्यावर धूळ बसली होती. म्हणजे गळती हवेत असतानाच झाली होती आणि भरपूर झाली होती. वास नेहमीचा, टर्बाइन तेलाचा, थोडा उग्र. जळका वास नव्हता, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

तरीही आधी कागद. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, कॅप्टनने स्वच्छ लिहिलं होतं: नंबर दोनचं ऑइल प्रेशर लाल रेषेखाली, चेकलिस्टप्रमाणे इंजिन बंद, नागपूरला वळवलं. यात "नंबर दोन", म्हणजे उजवं इंजिन, हे शब्द महत्त्वाचे. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक ७३७-४०० कोसळलं होतं. बिघाड डाव्या इंजिनात होता आणि बंद झालं उजवं. ४७ माणसं गेली. म्हणून कुठलंही इंजिन हवेत बंद झालं की मी दोन्ही इंजिनांचा डेटा मागवतो आणि बंद केलेलं इंजिन तेच का, हे आधी आकड्यांत बघतो. इथे शंकेला जागा नव्हती. डाव्या इंजिनाच्या तेलाची रेषा सपाट होती. उजव्याची रेषा उड्डाणानंतर थोड्याच वेळात कलायला लागली होती आणि शेवटच्या दहा मिनिटांत ती जवळजवळ उभी खाली आली होती.

त्याच डेटात आणखी दोन आकडे होते. प्रेशर १३ पीएसआयच्या लाल रेषेखाली गेल्यापासून वैमानिकांनी इंधन तोडेपर्यंत ३८ सेकंद गेले होते. एवढ्या घाईत ३८ सेकंद म्हणजे उत्तम काम. दुसरा आकडा मला खुपत होता. इंजिन बंद झाल्यापासून चाकं टेकेपर्यंत बावीस मिनिटं. बंद केलेलं इंजिन हवेत स्वस्थ नसतं. समोरून येणारा वारा फॅन फिरवत राहतो, आतला शाफ्ट फिरतो, बेअरिंगं फिरतात. फक्त आता त्यांना तेल नसतं. आग नाही, जोर नाही, तरी कोरड्या बेअरिंगची ती बावीस मिनिटं होती. उड्डाणात इंजिन बंद केलं म्हणजे ते वाचलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे.

दरम्यान बाकीची चक्रं फिरत होतीच. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएला कळवलं गेलं होतं, रेकॉर्डरचा डेटा राखून ठेवला होता, शेवटी ज्या डब्यांतून तेल भरलं गेलं त्यांचा बॅच नंबर शोधणं चालू होतं. आणि कंट्रोलरूमचा फोन दर अर्ध्या तासाने, "सर, विमान कधी मिळेल?" मी एकच उत्तर देत राहिलो: कारण कळल्यावर.

काउलिंग उघडलं. या इंजिनाचा अ‍ॅक्सेसरी गिअरबॉक्स फॅन केसच्या डाव्या अंगाला असतो. पंप, जनरेटर, स्टार्टर, सगळं त्याच्यावर बसलेलं. आतली प्रत्येक वस्तू तेलाने माखली होती. अशा वेळी पुसायचा मोह होतो. आम्ही आधी वीस-पंचवीस फोटो काढले आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत आलो. तेल खाली वाहतं आणि वारा ते मागे नेतो, त्यामुळे सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. सापडली ती हँडक्रँकच्या पॅडजवळ.

हे पॅड काय असतं ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यापाशीच आहे. बोअरस्कोप म्हणजे लांब, बारीक नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा. तो इंजिनातल्या ठरलेल्या छिद्रांतून आत घालतात. पण आतल्या चाकावरची पाती एकामागून एक कॅमेऱ्यासमोर यायला हवीत, म्हणून चाक बाहेरून हळूहळू फिरवावं लागतं. त्यासाठी गिअरबॉक्सवर एक जागा ठेवलेली असते. तिच्यावरचं तळहाताएवढं झाकण काढायचं, चौकोनी ड्राइव्ह घालायचा आणि रॅचेटने फिरवायचं. काम झालं की झाकण परत लावायचं. झाकणाखाली रबराची एक ओ-रिंग असते. आतलं तेल तिच्यामुळेच आत राहतं.

टॉर्च तिरकी धरली तेव्हा झाकणाच्या कडेखालून काहीतरी डोकावताना दिसलं. आधी वाटलं केस चिकटलाय. काळ्या दोऱ्याचं टोक असावं तसं, जेमतेम दोन मिलिमीटर. मी अकोल्याच्या पोराला बोलावलं आणि काही न सांगता टॉर्च त्याच्या हातात दिली. तो वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, हे तर रिंग आहे."

झाकण काढलं. ओ-रिंग खाचेत पूर्ण बसलीच नव्हती. एका बाजूला ती पीळ पडून वर आली होती, झाकण आणि पॅड यांच्या मध्ये चेपली होती, आणि चेपली होती तिथे अर्ध्यापेक्षा जास्त कापली गेली होती. उरलेला भाग अगदी नवा, गुळगुळीत. चार दिवसांपूर्वी दुसऱ्या एका शहरात रात्रपाळीत याच इंजिनाचा बोअरस्कोप झाला होता. तपासणीत इंजिन निर्दोष निघालं होतं. ज्या भोकातून इंजिन फिरवून ते निर्दोष ठरवलं, त्याच भोकाने चार दिवसांनी त्याचं तेल घालवलं.

ही चूक नवी नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. २३ फेब्रुवारी १९९५ ला ब्रिटनमध्ये एका ७३७-४०० ची दोन्ही इंजिनं आदल्या रात्री बोअरस्कोपने तपासली गेली होती. दोन्हींची झाकणं परत लावायची राहून गेली. गळती बघायला इंजिनं चालवून पाहायची असतात, तीही चालवली गेली नाहीत, आणि विमान उडालं. दोन्ही इंजिनांचं जवळजवळ सगळं तेल गेलं. वैमानिकांनी ते लुटनला उतरवलं आणि धावपट्टीवर वेग कमी होत असतानाच दोन्ही इंजिनं बंद केली. त्याआधी, ५ मे १९८३ ला, मायामीहून निघालेल्या एका ट्रायस्टार विमानाच्या तिन्ही इंजिनांच्या चिप डिटेक्टरवर, म्हणजे तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या लोहचुंबकांवर, ओ-रिंगा लावलेल्याच नव्हत्या. तिन्हींचं तेल गेलं. एक इंजिन पुन्हा चालू झालं आणि त्याच्यावर १७२ माणसं परत मायामीला उतरली. एका रात्री सगळ्या इंजिनांवर तीच चूक. म्हणूनच आमच्याकडे एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांचं सारखं काम करायचं नाही, असा दंडक आहे. सीएफएम५६ च्या याच झाकणासाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, पुढे सक्तीचा आदेशही काढला: झाकण परत लावल्याची दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासणी करायची, नाहीतर झाकण राहून गेलं तरी तेल अडवणारी सील आत बसवायची.

आमच्या कागदांवर दुसऱ्या माणसाची सही होती. लीक चेकची नोंदही होती. मग चुकलं कुठे?

त्या पॅडसमोर बसून मी बराच वेळ याच प्रश्नावर घालवला. झाकण लावून बोल्ट आवळले की ओ-रिंग दिसत नाही. दुसरा माणूस त्यानंतर आला, तर त्याला काय दिसतं? जागेवर बसलेलं झाकण. तो प्रामाणिकपणे सही करतो, आणि ती सही झाकणाची असते, रिंगेची नसते. जमिनीवर इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, काही मिनिटं चालवलं, तेवढ्यात चेपलेली रिंग तग धरून राहिली. पुढच्या उड्डाणांत तापणं, थंड होणं, थरथर होत गेली आणि काप वाढत गेला. म्हणजे त्या रात्री कुणी खोटं लिहिलं नव्हतं. दुसरे डोळे उशिरा आले होते, इतकंच.

कारण सापडलं. पण काम निम्मंच झालं होतं. मॅन्युअलच्या ०५-५१ या विभागात अशा अवचित घटनांनंतरच्या तपासण्या असतात. आता ते समोर ठेवून एकेक पान करत जायचं होतं.

चिप डिटेक्टर काढले. हे छोटे लोहचुंबक परतणाऱ्या तेलाच्या वाटेत बसवलेले असतात. आत कुठे धातू झिजत असेल तर कण त्यांना चिकटतात. प्रत्येकाचं टोक पांढऱ्या कागदावर टेकवून पुसलं. राखाडी लेप आला, पेन्सिलचं शिसं बोटाने पसरवावं तसा. तो नेहमीचाच. फिल्टरच्या घड्या उलगडून पाहिल्या, त्याही स्वच्छ. फॅन हाताने फिरवून पाहिला. या इंजिनाची चोवीस पाती आपापल्या खाचांत किंचित सैल असतात. सावकाश फिरवलं की खट् खट् आवाज येतो, आणि तो आला नाही तरच काळजी. मग गिअरबॉक्सला कान लावला आणि पोराला रॅचेट फिरवायला सांगितलं. कुठे खरखर नाही, कुठे अडकणं नाही.

बोअरस्कोप सुरू केला तेव्हा दुपारचे दोन झाले होते. वरती ताडपत्री बांधली होती, तरी काउलिंगच्या कडेला उघडा हात लावता येत नव्हता. या प्रकारात मला मुख्यतः पात्यांची टोकं बघायची होती. बेअरिंग कोरडं पडून ढिलं झालं तर शाफ्ट जागेवरून किंचित हलतो आणि पात्यांची टोकं आजूबाजूच्या आवरणाला घासतात. हाय प्रेशर टर्बाइनचं एकच चाक, त्यावर ऐंशी पाती. पडद्यावर पातं आलं की मी "थांब" म्हणायचो, टोकापासून बुडापर्यंत बघायचो, आकडा लिहायचो आणि "चल" म्हणायचो. ऐंशी झाल्यावर पहिलं पातं पुन्हा आलं याची खात्री, म्हणजे एकही सुटलं नाही. कॉम्प्रेसरच्या नऊ स्टेज झाल्या. कुठेही घासल्याची खूण नव्हती. संध्याकाळी साडेसहाला मी कंट्रोलरूमला कळवलं की आतापर्यंत सगळं ठीक आहे. पलीकडच्या माणसाचा निःश्वास मला ऐकू आला.

मधल्या वेळात डाव्या इंजिनाचं झाकणही बघून घेतलं. त्याचा बोअरस्कोप पंधरा दिवसांपूर्वी वेगळ्याच लोकांनी केला होता आणि बाहेरून ते कोरडं ठणठणीत होतं, तरी मला चैन पडेना. पण ते मी स्वतः केलं नाही. उजव्या इंजिनावर दिवसभर माझे हात होते, म्हणून नागपूरच्याच दुसऱ्या इंजिनिअरला विनंती केली. त्यांनी तासाभरात येऊन सांगितलं, रिंग बरोबर आहे.

रात्री नवी ओ-रिंग लावून उजव्या इंजिनाचं झाकण परत बसवलं. डब्यांमागून डबे ओतले. टाकी साधारण वीस क्वार्टची, त्यामुळे वेळ लागला. आधी आग न देता स्टार्टरवर फिरवलं, प्रेशर आलं. मग आयडल. मग परवानगी घेऊन वाढीव पॉवर. थरथर, तापमान, प्रेशर, सगळे आकडे हवे तिथे. झाकणाखाली कोरडा पांढरा कपडा फिरवला, तो पांढराच राहिला. पहाटेचे तीन वाजले होते. तिथे थांबलो असतो तर विमान सकाळी उडालं असतं.

शेवटची पायरी उरली होती. इंजिन चालवून झाल्यावर चिप डिटेक्टर पुन्हा काढून बघायचे. पहिला स्वच्छ. दुसऱ्याच्या टोकावर दोन कपच्या होत्या. लहान, अर्ध्या तिळाएवढ्या. लेपातल्या धुळीसारख्या नव्हत्या, चकाकत होत्या. भिंगाखाली धरल्या तर एक बाजू खडबडीत आणि दुसरी आरशासारखी, किंचित गोलाई असलेली. आरशासारखा पृष्ठभाग इंजिनात मोजक्याच ठिकाणी असतो. गोळ्या किंवा रोलर ज्या मार्गावर धावतात, तिथला तो पापुद्रा होता. आधीच्या तपासणीत तो अजून सुटलेला नव्हता. ताजं तेल दाबाने फिरलं आणि त्याला घेऊन आलं. पुढे प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं: एम५० पोलाद, मुख्य बेअरिंगचं.

मी कंट्रोलरूमला फोन करून म्हणालो, इंजिन काढावं लागेल. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. संध्याकाळी मीच "ठीक आहे" म्हटलं होतं. ते शब्द मी तेव्हा बोलायला नको होते. तेव्हापासून मधल्या टप्प्यावर मी "ठीक" हा शब्द वापरत नाही, "अजून काही सापडलं नाही" एवढंच सांगतो.

बदली इंजिन ट्रकने मुंबईहून यायचं होतं. सुमारे २,४०० किलोचं ते धूड, त्याचं स्टँड, उचलायची सामग्री. त्या वाट बघण्याच्या काळात चौकशीचा भाग म्हणून ज्याने झाकण लावलं होतं त्या तंत्रज्ञाशी फोनवर बोलणं झालं. मला त्याला झापायचं नव्हतं, समजून घ्यायचं होतं. मुलगा मोकळेपणाने बोलला. "सर, रिंग नवीनच होती, पाकिटातून मीच काढली. जागा अडचणीची होती, एका हाताने झाकण धरून दुसऱ्याने बोल्ट लावला. रिंगला तेल लावलं होतं का, ते मात्र आठवत नाही." कोरडी रिंग ढकलताना सरकत नाही, गुंडाळली जाते. एवढ्याने सगळं जुळलं. तो खरं बोलला म्हणून जुळलं. मी माझ्या रिपोर्टात ते वाक्य जसंच्या तसं घेतलं आणि खाली शिफारस लिहिली: दुसरी तपासणी दोन वेळा करावी, एकदा रिंग खाचेत बसल्यावर आणि झाकण लावण्याआधी, एकदा बोल्ट आवळल्यावर. दोन्हीला वेगळ्या सह्या. कंपनीने ती मान्य केली आणि आमच्या टास्क कार्डावर आता दोन चौकोन आहेत.

इंजिन आलं, बसवलं गेलं. बसवण्याआधी त्याचाही बोअरस्कोप केला. स्वच्छ होतं. तेव्हाही रात्रच होती, दिव्याभोवती किडे घोंगावत होते, आणि चार दिवसांच्या जागरणाने माझे खांदे भरून आले होते. रिंगला तेल लावलं, खाचेत बसवली, झाकण उचललं आणि पॅडजवळ नेलं.

"सर, थांबा." अकोल्याचा पोरगा टॉर्च घेऊन पुढे आला. "आधी मला पाहू द्या ना."

मी झाकण मागे घेतलं. त्याने टॉर्च तिरकी धरली आणि खाचेवरून सावकाश पूर्ण फेरा मारला. रिंग तेलाने ओली होती, उजेड तिच्याबरोबर गोल फिरत गेला, कुठे तुटला नाही. त्याने पहिल्या चौकोनात सही केली, वेळ लिहिली आणि बाजूला झाला.

"हां, आता लावा."